ऑबर्नचे घर : खाडाखोड आणि दुरुस्ती

अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा ही नावावरून वाटते तशी केवळ अरण्ये, दऱ्या आणि धबधबे सांभाळणारी संस्था नाही. त्या देशाची रणांगणे, स्मारके, थोरामोठ्यांची घरे हीसुद्धा तिच्याच देखरेखीखाली येतात. त्यामुळे सामान्य अमेरिकन माणसाला आपला इतिहास जिथे प्रत्यक्ष भेटतो, तिथला फलक बहुधा याच संस्थेने लिहिलेला असतो. या संस्थेच्या संकेतस्थळावर 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणजे काय, हे समजावून सांगणारे एक पान आहे. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत केव्हातरी त्या पानावरचे हॅरिएट टबमनचे मोठे छायाचित्र आणि तिचे शब्द काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी आली पाच टपाल तिकिटांची चित्रे. त्या पाचांत हॅरिएट होती; पण पाचांतली एक म्हणून. मजकूरही बदलला. आधीच्या मजकुराची सुरुवात गुलामगिरीतून पळून जाण्याच्या धडपडीपासून होत होती. नव्या मजकुराची सुरुवात झाली ती काळे आणि गोरे यांच्या सहकार्यापासून.

६ एप्रिल २०२५ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ही गोष्ट छापली. दुसऱ्याच दिवशी जुने पान जसेच्या तसे परत आले. खुलासा असा झाला की, हा बदल वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय करण्यात आला होता.

हा खुलासा वाचून मी थबकलो. माझी नोकरी बँकेत गेली आणि तीही संगणक टेबलावर येण्यापूर्वीच्या, हाताने लिहिलेल्या लेजरच्या दिवसांत सुरू झालेली. मंजुरीशिवाय नोंद बदलली गेली, हे वाक्य बँकेत कोणी सहजपणे उच्चारत नाही. ते उच्चारले गेले की चौकशी बसते. इथे एका राष्ट्राच्या इतिहासातली नोंद बदलली, परत आली आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले. ते मिटलेले नाही, असे मला वाटते. ते का मिटलेले नाही, हे समजून घ्यायचे तर त्या पानावरून जरा उठून न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न या गावी, एका घरापाशी जावे लागेल.

पंचवीस डॉलर रोख

'अंडरग्राउंड रेलरोड' ही रेल्वे नव्हती आणि ती जमिनीखालूनही जात नव्हती. दक्षिणेकडच्या गुलामगिरीतून निसटलेल्या माणसांना उत्तरेकडे, पुढे कॅनडापर्यंत पोचवणारी ती गुप्त वाटांची, आसऱ्याच्या घरांची आणि विश्वासाच्या माणसांची साखळी होती. हॅरिएट टबमन त्या वाटेवरची सर्वांत गाजलेली वाटाडी. १८२२ च्या सुमारास मेरीलँड राज्यातल्या डॉर्चेस्टर परगण्यात ती गुलाम म्हणून जन्मली. १८४९ मध्ये ती एकटी पळाली आणि पुढची दहा-अकरा वर्षे पुन:पुन्हा त्याच मुलखात शिरून भाऊ, नातलग, शेजारीपाजारी यांना बाहेर काढत राहिली. १८५७ मध्ये तिने आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांनाही बाहेर काढून कॅनडातल्या सेंट कॅथरिन्स या गावी नेले. तिथली थंडी त्या दोघांना सोसेना. त्यांना अमेरिकेत परत आणायचे तर डोक्यावर छप्पर हवे होते.

ते छप्पर तिला मिळाले १८५९ मध्ये, ऑबर्नच्या वेशीवर. सात एकर जमीन आणि तीवरचे लाकडी घर. किंमत १२०० डॉलर. विकणारे होते विल्यम सीवर्ड. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर आणि त्या वेळचे सिनेटर. पुढे लिंकन यांचे परराष्ट्रमंत्री झाले आणि १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेण्याचा करार ज्यांनी केला, ते हेच सीवर्ड. व्यवहाराच्या अटी अशा : २५ डॉलर रोख, बाकीची रक्कम दर तिमाहीला १० डॉलर आणि वर व्याज.

बँकेत कर्जाच्या अर्जांवर टिपणे लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या सवयीने मी हिशेब मांडला. बाकी ११७५ डॉलर, वर्षाला ४० डॉलर मुद्दल. म्हणजे फेड व्हायला एकोणतीस वर्षांहून अधिक काळ. कर्जदार सदतिशीची बाई. लिहितावाचता येत नाही. नियमित उत्पन्न नाही. वर्षातले कित्येक महिने घरी नसते आणि कुठे असते ते सांगत नाही. जामीनदार नाही. हा अर्ज कोणत्याही शाखाधिकाऱ्याने वाचताक्षणी परत केला असता.

पण खरी अडचण याहून मोठी होती. कायद्याच्या दृष्टीने ही कर्जदार बाई स्वत:च दुसऱ्याची मालमत्ता होती. १८५० च्या पलायित गुलाम कायद्यानुसार पळून आलेल्या माणसाला आसरा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. पकडलेला माणूस कमिशनरपुढे उभा केला जाई. तो गुलाम आहे असे ठरवून परत पाठवले, तर कमिशनरला १० डॉलर मेहनताना. मोकळे सोडले तर ५ डॉलर. म्हणजे हॅरिएटच्या घराचा तिमाही हप्ता आणि एका माणसाला गुलामगिरीत परत ढकलण्याचा मेहनताना, दोन्ही रकमा एकच होत्या. त्यावर कळस म्हणजे, १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, काळ्या वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही.

अशा बाईच्या हाती एका सिनेटरने घर दिले. सीवर्ड आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सेस या दोघांचा गुलामगिरीला विरोध होता. खुद्द त्यांच्या राहत्या घरीही पळून आलेल्यांना आसरा मिळत असे. पण लपवून ठेवणे वेगळे आणि व्यवहार करून घर देणे वेगळे. लपवण्यात दया असते. व्यवहारात समोरच्याला आपल्या बरोबरीचा पक्षकार मानणे असते. या घराचे ऐतिहासिक महत्त्व मला इथे दिसते. ज्या देशाचे न्यायालय तिला नागरिक मानत नव्हते, त्याच देशात ती घराची मालकीण झाली, देणेकरी झाली. ज्याला कायदा वस्तू समजतो, त्याला कर्ज देता येत नाही. कर्ज माणसालाच देतात.

माणसांचे कागद

हॅरिएटच्या आयुष्याची कहाणी भाबड्या पराक्रमकथेसारखी सांगण्याचा प्रघात आहे. मला मात्र तिच्यातले कागद अधिक बोलके वाटतात.

पहिला कागद जाहिरातीचा. ३ ऑक्टोबर १८४९ ची तारीख असलेल्या या जाहिरातीत मालकीण एलायझा ब्रोडेस यांनी पळालेल्या तिघांचे वर्णन दिले आहे. सुमारे २७ वर्षांची मिंटी आणि तिचे दोन भाऊ. मिंटी म्हणजेच हॅरिएट. राज्याच्या आत सापडल्यास प्रत्येकी ५० डॉलर, राज्याबाहेर सापडल्यास प्रत्येकी १०० डॉलर बक्षीस. भाऊ त्या वेळी माघारी फिरले. ती पुढे एकटी गेली.

दुसरा कागद विक्रीचा. हॅरिएटचे वडील बेन रॉस हे जंगलतोडीच्या कामावरचे मुकादम. ते १८४० मध्ये मुक्त झाले. त्यांची बायको रिट मात्र गुलामच होती. १८५५ मध्ये बेन यांनी तिला विकत घेतले. नवऱ्याने बायकोची मोजलेली किंमत होती २० डॉलर.

तिसरा कागद सर्वांत जळजळीत आहे. या रिटचा मूळ मालक ॲथो पॅटिसन १७९७ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात लिहिले होते की रिट आणि तिची मुले यांनी वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंतच चाकरी करायची. म्हणजे पंचेचाळिशीनंतर त्यांची सुटका ठरलेली. वारसांनी ही अट पाळली नाही. हॅरिएटच्या तीन बहिणींना तर परमुलखात विकून टाकले. १८४५ च्या सुमारास हॅरिएटने साठवलेल्या पैशांतले ५ डॉलर एका वकिलाला देऊन जुने दप्तर तपासायला लावले, तेव्हा तिला हे कळले. आपण घर घेताना वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो, मालकी निर्वेध आहे ना ते पाहतो. निरक्षर, गुलाम अशा या मुलीने आपल्या आईवरच्या मालकीचा सर्च रिपोर्ट काढला आणि ती मालकी खोटी निघाली. कागद खरा होता; पण तो पाहायची मुभा कोणाला नव्हती आणि पाहिलाच तर दाद मागायला जागा नव्हती.

चौथा कागद तिच्या घराण्याचा नाही, आमच्या धंद्याचा आहे. दक्षिणेत गुलाम हे तारण म्हणून चालत. जमीन, जनावरे, माणसे एकाच यादीत लिहून कर्ज उचलले जाई. जानेवारी २००५ मध्ये जे. पी. मॉर्गन चेस या अमेरिकेतल्या बड्या बँकेने जाहीर केले की, तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानातल्या दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० माणसे तारण म्हणून स्वीकारली होती आणि कर्जे थकल्यामुळे त्यांतल्या सुमारे १२५० माणसांची मालकी बँकांकडे आली होती. शिकागो शहराच्या नियमामुळे ही माहिती उघड करणे भाग पडले, हे खरे. बँकेने माफी मागितली आणि लुइझियानातल्या विद्यार्थ्यांसाठी ५० लाख डॉलरच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. १४० वर्षांनंतरही हे उघड होऊ शकले ते त्या काळच्या कारकुनांनी चोख नोंदी ठेवल्या आणि नंतरच्या कोणी त्या फाडल्या नाहीत म्हणून. अन्याय करणाऱ्यांनी लिहिलेली वही अन्यायाची साक्षीदार ठरली.

देणे कोणाचे कोणाला

घर घेतल्यावर हॅरिएट तिथे निवांत बसली नाही. डिसेंबर १८६० मध्ये तिने शेवटची खेप केली. यादवी युद्ध सुरू झाल्यावर ती दक्षिण कॅरोलिनात सैन्याबरोबर परिचारिका, स्वयंपाकीण आणि हेर म्हणून राहिली. जून १८६३ मध्ये कॉम्बाही नदीवर झालेल्या चढाईत तिने वाट दाखवली आणि सातशेहून अधिक गुलाम एका रात्रीत मोकळे झाले. या साऱ्या काळात सरकारकडून तिच्या हाती पडले २०० डॉलर. तेही तिने मुक्त झालेल्या बायकांना धुण्याचे काम मिळावे म्हणून धुलाईघर बांधण्यात घातले.

युद्ध संपल्यावर ती ऑबर्नला परतली. घरात आईवडील, भाऊ, भाच्या, भाडेकरू आणि दारात येऊन उभे राहिलेले निराधार. पोट भरायला डुकरे पाळणे, भाजीपाला पिकवणे, गावातल्या घरांत काम करणे. सारा ब्रॅडफर्ड या लेखिकेने १८६९ मध्ये तिचे पहिले चरित्र प्रसिद्ध केले, त्यामागचा एक उघड हेतू होता तिच्या घरावरचे कर्ज फेडायला मदत व्हावी. १८७४ मध्ये तिच्या युद्धसेवेबद्दल २००० डॉलर देण्याचे विधेयक काँग्रेसमध्ये आले. सिनेटने ते नापास केले. १८८० च्या सुमारास लाकडी घर जळाले. तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस हा विटा पाडणारा. घर पुन्हा उभे राहिले ते विटांचे. तेच आजही उभे आहे.

डेव्हिस १८८८ मध्ये वारला. तोही युद्धातला सैनिक. त्याची विधवा म्हणून हॅरिएटला १८९५ पासून महिना ८ डॉलर पेन्शन मिळू लागले. स्वत:च्या सेवेबद्दल तिने १८०० डॉलरची मागणी लेखी मांडली होती. काँग्रेसमध्ये २५ डॉलर पेन्शनचा प्रस्ताव आला, घासाघीस झाली आणि १८९९ मध्ये २० डॉलरवर तडजोड झाली : ८ विधवा म्हणून, १२ परिचारिका म्हणून. हेर म्हणून, चढाईची वाटाडी म्हणून काहीच नाही.

आणि एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर या बाईने काय केले? १८९६ मध्ये शेजारची २५ एकर जमीन लिलावात १४५० डॉलरना घेतली. काही पैसे चर्चकडून, काही बँकेकडून जमीन गहाण ठेवून. हेतू एकच : वृद्ध आणि निराधार काळ्या माणसांसाठी आश्रम. कर आणि हप्ते झेपेनात, तेव्हा १९०३ मध्ये तिने ती जमीन ए. एम. ई. झायन या काळ्यांच्या चर्चला देऊन टाकली. १९०८ मध्ये आश्रम सुरू झाला. चर्चने प्रवेशासाठी शंभर डॉलर शुल्क ठरवले, तेव्हा ती संतापली. तिचे म्हणणे होते, ज्याच्याकडे फुटकी कवडी नाही त्यालाच इथे घ्यायचा नियम करा. १९११ मध्ये ती स्वत: त्या आश्रमात दाखल झाली आणि १० मार्च १९१३ रोजी तिथेच वारली.

दुरुस्ती कशी होते

हाताने वही लिहिण्याच्या काळात आम्हाला पहिल्या आठवड्यात एक नियम शिकवला जाई. चुकीचा आकडा पडला तर तो खोडायचा नाही, ब्लेडने खरवडायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी अधिकाऱ्याची आद्याक्षरे. चूक मागच्या तारखेची असेल तर आज उलट नोंद टाकायची. जुनी नोंद तशीच राहते. हिशेबाची विश्वासार्हता चूक झालीच नाही यात नसते. चूक, तिची दुरुस्ती आणि दुरुस्त करणाऱ्याची सही या तिन्ही गोष्टी दिसतात यात असते.

हॅरिएटच्या बाबतीत अशी एक दुरुस्ती झालेली आहे. २५ डॉलरऐवजी २० डॉलर पेन्शन दिल्यामुळे राहिलेली तूट म्हणून २००३ मध्ये काँग्रेसने ११,७५० डॉलर मंजूर केले आणि ते ऑबर्नच्या वास्तूच्या देखभालीसाठी देण्यात आले. रक्कम किरकोळ आहे. ज्या देशाचा रोजचा खर्च अब्जांत जातो, त्याच्या लेखी ती मोडीतही जमा नाही. पण नव्वद वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईचे महिना पाच डॉलर आम्ही कमी दिले होते, ही कबुली सरकारी दप्तरात आली. माझ्या मते हे त्या लोकशाहीच्या थोरपणाचे लक्षण आहे, कमीपणाचे नव्हे.

दुसरी दुरुस्ती इतिहासकारांनी केली. ब्रॅडफर्डबाईंच्या पुस्तकामुळे असा समज रूढ झाला होता की, हॅरिएटने १९ खेपा करून ३०० माणसे सोडवली. केट क्लिफर्ड लार्सन यांच्या २००४ च्या चरित्राने आणि इतर संशोधकांनी नोंदी ताडून पाहिल्या. आकडे आले सुमारे १३ खेपा आणि ७० च्या आसपास माणसे. कौतुकाचा आकडा कमी झाला म्हणून कोणी त्यांना देशद्रोही किंवा वंशद्रोही म्हटले नाही. कारण त्यांनी कारणे दिली, कागद दाखवले आणि जुना आकडा कुठून आला तेही सांगितले. आडवी रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही.

आता २०२५ मध्ये त्या पानाचे जे झाले ते यातल्या कशातच बसत नाही. ते खरवडणे होते. कोणी केले त्याची सही नाही, का केले त्याचे कारण नाही. जुने पान संगणकाच्या जाळ्यात इतरांनी जपून ठेवले होते म्हणून बदल सापडला.

दुसरी बाजू

अर्थात दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. २७ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकेच्या इतिहासाबाबत एक आदेश काढला. त्याचा आशय असा की, सार्वजनिक स्मारकांतून पूर्वजांची अकारण निंदा होऊ नये, देशाने साध्य केलेल्या मोठेपणावर भर असावा. पुढे उद्यानांमध्ये पाट्या लागल्या आणि खटकणारा मजकूर आढळल्यास कळवा, असे पर्यटकांना सांगण्यात आले. २०२६ मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला २५० वर्षे पूर्ण होतात. अशा वेळी घरातल्या मुलांसमोर सतत उण्याच बाजूचा पाढा का वाचावा, असे एखाद्या सामान्य अमेरिकन माणसाला मनापासून वाटत असेल तर त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. वहीत जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. फक्त नावेच वाचून दाखवणारा हिशेबनीसही खोटाच.

काळ्या-गोऱ्यांचे सहकार्य ही गोष्टही खोटी नाही. सीवर्ड दांपत्य होते, क्वेकर पंथाची माणसे होती, घरांची दारे उघडणारी साधी कुटुंबे होती. प्रश्न असा आहे की, हे सहकार्य कशाविरुद्ध होते? उत्तर आहे : स्वत:च्या देशाच्या कायद्याविरुद्ध, स्वत:च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध. हे सांगितले नाही तर सीवर्ड यांनी केले काय? सात एकर जमीन हप्त्याने विकली. असे व्यवहार त्या वर्षी ऑबर्नमध्ये आणखीही झाले असतील. गुलामगिरीची नोंद पुसली की हॅरिएटचे शौर्य तर जातेच, पण ज्या गोऱ्या माणसांचा मोठेपणा दाखवण्यासाठी ही खाडाखोड केली, त्यांचा मोठेपणाही त्याच ओळीबरोबर पुसला जातो. नावेची बाजू फाडली की जमेची बाजू शिल्लक राहत नाही. ताळेबंदच जुळत नाही.

आणि हा प्रकार एका पानापुरता राहिला नाही. फिलाडेल्फियात जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष असताना ज्या घरात राहत, त्याच्या जागेवर एक प्रदर्शन आहे. त्या घरात वॉशिंग्टन यांनी नऊ गुलाम ठेवले होते. त्यांतली ओना जज ही तरुणी मे १७९६ मध्ये त्या घरातूनच निसटली आणि न्यू हॅम्पशायरमध्ये अखेरपर्यंत मोकळी राहिली. हर्क्युलिस हा स्वयंपाकी पुढच्या वर्षी वॉशिंग्टन यांच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावरून पळाला. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा १७९३ चा कायदाही वॉशिंग्टन यांच्याच सहीचा. हे सारे सांगणारे फलक २२ जानेवारी २०२६ रोजी उद्यान सेवेच्या कर्मचाऱ्यांनी काढून नेले आणि फिलाडेल्फिया शहराला आपल्याच केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात जावे लागले. फलक कोणता लावायचा हे न्यायालयाला ठरवावे लागणे, हेच मुळी दुश्चिन्ह आहे.

सातबारा कोणाच्या नावे

ऑबर्नचे घर या वादळात तुलनेने सुरक्षित आहे, असे मला वाटते आणि त्याचे कारण पुन्हा कागदच. १० जानेवारी २०१७ रोजी तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. गावातली जुनी चर्चची इमारत सरकारने घेतली. पण हॅरिएटचे घर आणि आश्रम यांची मालकी अजूनही चर्चच्याच संस्थेकडे आहे. हॅरिएट गेल्यानंतर आश्रम ओस पडला, १९४० च्या दशकात मोडकळीला आला. त्या वेळी कोणतेही सरकार धावून आले नव्हते. चर्चच्या गरीब सभासदांनी वर्गणी काढली आणि १९५३ मध्ये ती वास्तू पुन्हा उभी केली. सातबारा ज्यांच्या नावे, त्यांनीच डागडुजी केली. म्हणून त्या घराच्या भिंतीवर काय लिहायचे, हे वॉशिंग्टनमधला कोणी अधिकारी एका रात्रीत ठरवू शकत नाही.

याउलट जे सर्वस्वी सरकारच्या हाती आहे त्याचे पाहा. २० डॉलरच्या नोटेवर अँड्र्यू जॅक्सन यांच्याऐवजी हॅरिएट येईल, अशी घोषणा एप्रिल २०१६ मध्ये झाली. जॅक्सन हे स्वत: गुलामांचे मालक. २०१९ मध्ये तो बेत पुढे ढकलला गेला, २०२१ मध्ये वेग देऊ असे सांगण्यात आले. नोट अजून आलेली नाही. वीस डॉलर ही तिच्या आईची किंमत होती आणि वीस डॉलर हे तिचे पेन्शन होते. त्या आकड्यावर तिचा चेहरा यावा यात एक न्याय आहे; पण तो न्याय प्रत्येक निवडणुकीबरोबर मागेपुढे होतो.

हे सारे दूरच्या देशाचे, आपल्याला काय त्याचे, असे मराठी वाचकाला म्हणता येणार नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले. त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या नि:स्वार्थ त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून इथल्या शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छाही तिथेच नोंदवली. ज्या वर्षी पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली गेली, त्या वर्षी हॅरिएट ऑबर्नमध्ये पोटासाठी राबत होती आणि सरकारकडे तिचे येणे बाकी होते. पण जोतीरावांचा हिशेब पाहा. अमेरिकनांच्या चांगुलपणाला त्यांनी मनमोकळी दाद दिली आणि त्यासाठी त्यांच्या गुन्ह्यावर पांघरूण घालण्याची त्यांना गरज वाटली नाही. गुलामगिरी होती आणि तिच्याविरुद्ध उठणारी माणसेही होती. दोन्ही नोंदी एकाच पानावर. ज्या आदेशाची चर्चा आज वॉशिंग्टनमध्ये चालली आहे, त्याला पुण्याहून दीडशे वर्षांपूर्वी गेलेले हे उत्तर आहे.

आपण तरी हा धडा किती गिरवला? १८४८ मध्ये जोतीरावांनी मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा वर्षानुवर्षे वादात आणि पडझडीत राहिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन वाद संपला आणि त्याच डिसेंबरात जीर्ण इमारत स्मारकासाठी पाडण्यात आली. स्मारक होईल, चांगलेच होईल. पण त्या स्मारकावर शाळा काढल्याचे लिहिताना, सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड का पडले आणि ते टाकणारे कोण होते, हेही लिहिणार का? की आपणही 'सर्व समाजाच्या सहकार्याने' असे शब्द वापरून मोकळे होणार? आपल्या पाठ्यपुस्तकांत, शताब्द्यांच्या भाषणांत, जयंतीच्या जाहिरातींत ही खरवड रोज चालते आणि आपल्याकडे तर पान बदलल्याची बातमीही येत नाही.

कोणत्याही देशाच्या इतिहासात डाग असणारच. ते मोजूनमापून, कागद दाखवून कमीजास्त करण्याचा अधिकार संशोधकांना आहे, तो त्यांनी जरूर बजावावा. सरकारांचे काम त्या वहीची राखण करणे एवढेच आहे. हॅरिएट टबमनला आयुष्यभर लिहितावाचता आले नाही. तरीही कागदाची ताकद तिला ठाऊक होती. म्हणून तर तिने पाच डॉलर मोजून आईच्या मूळ मालकाचे मृत्युपत्र शोधायला लावले आणि पुढे पंचवीस डॉलर रोख भरून स्वत:च्या नावाचा कागद केला. त्या कागदांवर आता आपल्या पिढीची देखरेख आहे. त्यांवर एखादी नवी नोंद करावीशी वाटली तर अवश्य करावी; मात्र जुनी ओळ वाचता आली पाहिजे आणि खाली सही असली पाहिजे.